बोटीच्या ट्रेलरचा आस : दोष कसा ओळखावा, आस कसा बदलावा

इंदूर शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. नर्मदा नदी मात्र विंध्याच्या पायथ्याशी, निमाडच्या सखल प्रदेशातून वाहते. इंदूरहून नर्मदेकडे जावयाचे म्हणजे घाट उतरणे आलेच. खंडव्याकडे जाणारा रस्ता सिमरोळ व भेरूघाट उतरून बडवाह-मोरटक्का येथे नदीला भेटतो. महूहून मंडलेश्वर-महेश्वरकडे जाणारा जुना रस्ता जाम घाटाने उतरतो. आग्रा-मुंबई मार्ग खलघाट येथे नर्मदा ओलांडतो. अहिल्याबाई होळकरांच्या काळी राज्याची राजधानी महेश्वरी, म्हणजे नदीकाठीच होती. १८१८ मध्ये ती इंदुरास आली. तेव्हापासून शहर वर आणि नदी खाली, अशी या प्रदेशाची रचना कायम झाली.

या रचनेचा एक व्यावहारिक परिणाम पुराच्या वेळी दिसून येतो. नदीकाठच्या मोठ्या तीर्थक्षेत्री नावा असतातच. तथापि पूर मोठा आला म्हणजे बचावाच्या अधिक बोटी दुरून रस्त्याने आणाव्या लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेला मोठा पूर आला तेव्हा त्याची झळ ओंकारेश्वरपासून खाली गुजरातेत भरूचपर्यंत पोहोचली. ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यातील कारम नदीवरील बांधकामाधीन धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले आणि खालच्या बाजूची अठरा गावे तातडीने रिकामी करावी लागली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा-पंचगंगेच्या पुराने असाच प्रसंग आणला होता. अशा वेळी बोट, इंजिन, इंधन व माणसे सर्व सिद्ध असली, परंतु बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा आस घाटात मोडला, तर सारी सिद्धता रस्त्याच्या कडेला पडून राहते.

ट्रेलर वर्षातील दहा महिने छपराखाली उभा असतो. बोटीचे इंजिन वेळोवेळी चालवून पाहिले जाते, जीवरक्षक जाकिटे मोजली जातात, दोर तपासले जातात. ट्रेलरखाली वाकून आसाकडे पाहण्याची सवय मात्र फारशी आढळत नाही. वास्तविक ही तपासणी कठीण नाही. तीस मोठी यंत्रसामग्री लागत नाही. येथे दिलेली माहिती बोटीच्या ट्रेलरसंबंधी असली, तरी ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याचा टँकर किंवा रबरी चाकांची बैलगाडी यांनाही ती बहुतांशी लागू पडते.

आस म्हणजे काय

ज्या दांड्याच्या दोन टोकांवर चाके फिरतात तो आस होय. खेड्यात त्यास आख किंवा कणा म्हणतात, कारखान्यात अ‍ॅक्सल म्हणतात. आस दोन प्रकारचे असतात. मोटारीच्या मागील आसाचे दांडे चाकांबरोबर फिरतात आणि चाकांना गती देतात. बैलगाडीचा व ट्रेलरचा आस स्थिर असतो. तो फिरत नाही, केवळ भार पेलतो, आणि चाक त्याच्या टोकाभोवती फिरते.

लहान बोटीच्या ट्रेलरचा आस सामान्यतः चौरस सळईचा किंवा जाड नळीचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांस गोल, पायरीपायरीने निमुळता होत गेलेला भाग असतो, त्यास स्पिंडल म्हणतात. स्पिंडलवर दोन बेअरिंगे बसतात; आतील मोठे, बाहेरील लहान. त्यांवर हब, म्हणजे चाकाचा तुंबा, फिरतो. हबच्या आतील बाजूस ग्रीस बाहेर येऊ नये व पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी सील असते. बाहेरील बाजूस खाचांचा नट, तो फिरू नये म्हणून कॉटर पिन आणि वर ग्रीसची टोपी असते. आस पोलादी पाट्यांच्या कमानीवर यू-बोल्टांनी आवळलेला असतो व कमान ट्रेलरच्या सांगाड्याला जोडलेली असते.

आसावर भार कसा येतो हे समजून घेतले म्हणजे दोष कोठे शोधावा हे आपोआप कळते. जमीन चाकांना वर रेटते आणि कमानी आसाला खाली दाबतात. त्यामुळे आस मधोमध खाली झुकू पाहतो. त्याचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. पोलादात चीर पडते ती बहुधा ताण असलेल्या बाजूने. म्हणून चीर पाहावयाची ती प्रथम आसाच्या खालच्या अंगास.

दोष का उत्पन्न होतो

बोटीच्या ट्रेलरचा आस इतर ट्रेलरच्या आसापेक्षा लवकर खराब होतो, याचे कारण पाणी होय. साठ-सत्तर किलोमीटर अंतर धावून आलेला हब तापलेला असतो व त्यातील हवा प्रसरण पावलेली असते. तो तसाच थंड पाण्यात बुडविला म्हणजे आतील हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते. सील जुने असेल तर हे पाणी सहज शिरते. ग्रीस व पाणी मिसळून दुधासारखा पांढुरका लगदा होतो. त्यात वंगणाचा गुण राहत नाही. ट्रेलर परत येऊन छपराखाली उभा राहतो, आणि हबमध्ये अडकलेले पाणी पुढील आठ-दहा महिने बेअरिंगला गंज चढवीत राहते. पुढच्या पावसाळ्यात ट्रेलर ओढू लागले म्हणजे गंजाने खडबडीत झालेले रूळ घासतात, तापतात व अखेरीस अडकतात. बेअरिंग अडकले म्हणजे त्याची आतील कडी स्पिंडलवरच फिरू लागते. स्पिंडल झिजते, तापून निळसर पडते आणि अवचित तुटून चाक निखळते.

कोकणात खाडीच्या खाऱ्या पाण्यात हे काम अधिक वेगाने होते. नर्मदा किंवा कृष्णेच्या गोड्या पाण्यात ते सावकाश होते. परंतु होते खचित.

दुसरे कारण गंज व साचलेला चिखल. आस व कमान ज्या ठिकाणी यू-बोल्टांनी आवळलेली असतात त्या सांध्यात पाणी व माती अडकून राहते. हा भाग वरून रंगविलेला दिसतो, पण आतून पोखरलेला असू शकतो. नळीचा आस आतून गंजतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरे कारण अधिक भार. बोट नेताना तिच्यातच इंधनाचे डबे, तंबू, दोर, जनित्र व कित्येकदा माणसेही बसविली जातात. बोटीत साचलेले पावसाचे पाणीही वजनच असते; एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलोग्रॅम भरते. चौथे कारण खड्डे. वेगाने खड्ड्यात आदळलेल्या चाकावर क्षणभर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट भार येतो.

पाचवे कारण धातूची थकावट. एकदा सोसला जाणारा भार लाखो वेळा पुनःपुन्हा पडला तर पोलादात बारीक चीर उत्पन्न होऊन ती हळूहळू वाढते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. त्यानंतर स्कॉटलंडचे रँकिन व जर्मनीचे व्होलर या अभियंत्यांनी आसांच्या मोडण्याचा अभ्यास केला. जेथे दांड्याची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातच चीर सुरू होते, हे रँकिन यांनी १८४३ मध्येच दाखविले होते. ट्रेलरच्या स्पिंडलची पायरी आणि स्पिंडल जेथे सळईला जोडलेले असते तो वेल्डिंगचा सांधा, ही तशीच ठिकाणे आहेत.

गंजाचा हिशेब

गंजाने थोडासा आस झिजला तर काय बिघडले, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. शाळेत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे गणित करवून घेण्यासारखे आहे.

समजा, आसावर एकूण १००० किलोग्रॅम भार आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर ५०० किलोग्रॅम. चाकाचा मध्य व कमानीचा मध्य यांत २० सेंटीमीटर अंतर आहे. तर आसास वाकविणारा जोर ५०० गुणिले २०, म्हणजे १०,००० किलोग्रॅम-सेंटीमीटर होतो. चौरस सळईची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती तिच्या बाजूच्या घनास सहाने भागून काढतात. बाजू ५ सेंटीमीटर असेल तर ही संख्या सुमारे २०.८ येते. १०,००० ला तिने भागले असता पोलादावरील ताण दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४८० किलोग्रॅम भरतो. खड्ड्यात तो तिप्पट झाला तर १४४० होईल. साधे पोलाद सुमारे २५०० पर्यंत कायमचे न वाकता टिकते. म्हणजे आस सुरक्षित आहे.

आता प्रत्येक बाजूने अडीच मिलिमीटर गंज लागून सळई ४.५ सेंटीमीटरची उरली, तर तोच ताण सुमारे ६६० आणि खड्ड्यात जवळजवळ १९८० होतो. सळई ४ सेंटीमीटरची उरली तर तो सुमारे ९४० व खड्ड्यात २८०० च्या वर जातो. म्हणजे आस वाकलाच. बाजू एक-पंचमांशाने कमी झाली, पण शक्ती निम्म्यावर आली. शक्ती घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून थोडा गंजही थोडा समजू नये.

उभ्या ट्रेलरची तपासणी

तपासणी सपाट व टणक जमिनीवर करावी. बोट शक्यतो उतरवून ठेवावी. ज्या बाजूचे चाक उचलावयाचे असेल त्याच्या विरुद्ध चाकास पुढून व मागून उटी लावावी. जॅकने उचलल्यानंतर सांगाड्याखाली भक्कम घोडी किंवा लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या आधारावर असलेल्या ट्रेलरखाली कोणीही शिरू नये. विटांचा आधार देऊ नये. वीट अवचित फुटते.

प्रथम टायर पाहावेत. दोन्ही टायरांची आतील कड अधिक झिजलेली असेल तर आस अधिक भाराने मधोमध झुकला आहे, असे समजावे. आस झुकला म्हणजे चाकांचे माथे आत कलतात व आतील कडेवर भार येतो. एकाच टायरची झीज असेल तर त्या बाजूचे स्पिंडल वाकले असण्याचा संभव आहे. टायरची नक्षी एका दिशेने खरवडल्यासारखी, करवतीच्या दात्यांप्रमाणे झाली असेल, तर चाक सरळ न धावता तिरपे फरफटत आहे. चाकाच्या आतील बाजूस, रिमवर, ग्रीसचे शिंतोडे असतील तर सील गेले आहे.

नंतर मापे घ्यावीत. ट्रेलरच्या पुढील टोकाशी असलेल्या जोडणीच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंतचे अंतर सुताने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी हवीत. फरक असेल तर आस एका बाजूने सरकला आहे किंवा वाकला आहे. कमानीच्या पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला असताही असा फरक पडतो. म्हणून आसाला दोष देण्यापूर्वी तो बोल्ट पाहावा.

त्यानंतर दोन्ही टायरांच्या मध्यरेषेवर, पुढील बाजूस, हबच्या उंचीवर खडूने खूण करावी व दोन खुणांतील अंतर मोजावे. चाके अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागील बाजूस आणाव्यात व पुन्हा अंतर मोजावे. दोन मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळल्यास चाके एकमेकांस समांतर नाहीत.

येथे एक सूचना आवश्यक आहे. काही आस कारखान्यातूनच मधोमध किंचित वर उचललेले असतात, म्हणजे भार पडल्यावर ते सरळ होतात. त्यामुळे आस दोरीला लावून सरळ नाही एवढ्यावरून तो वाकला, असा निष्कर्ष काढू नये. डावी व उजवी बाजू सारखी आहे किंवा नाही, हे पाहावे.

चाक फिरवून परीक्षा

चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवावे. टायरच्या कडेजवळ एक काडी स्थिर धरावी. चाक फिरताना कड कधी काडीजवळ येते, कधी दूर जाते, अशी लचक दिसली तर रिम किंवा हब वाकडा आहे. चाक लचकत नाही, पण सतत एका बाजूस कललेले राहते, तर स्पिंडल किंवा आस वाकला आहे. हा भेद ध्यानात ठेवला तर केवळ रिम वाकडी असताना आस बदलण्याचा खर्च वाचतो.

फिरताना खरखर ऐकू येते काय, चाक मध्येच अडते काय, हे पाहावे. मग चाक वर व खाली दोन्ही हातांनी धरून हलवावे. खडखड जाणवल्यास बेअरिंग सैल आहे. नट योग्य तितका आवळूनही खडखड राहिली तर बेअरिंग, हब किंवा स्पिंडल यांपैकी काही झिजले आहे.

हब उघडल्यावर

ग्रीसची टोपी, कॉटर पिन, नट व वॉशर काढून हब बाहेर घ्यावा. ग्रीसचा रंग पाहावा. पांढुरके ग्रीस म्हणजे पाणी, तांबूस म्हणजे गंज, काळे व जळक्या वासाचे म्हणजे अतिउष्णता. सर्व भाग पुसून स्वच्छ करावेत. बेअरिंगचे रूळ व हबमधील कडी यांवर खड्डे, ओरखडे किंवा निळसर डाग असल्यास दोन्ही भाग जोडीने बदलावेत. जुन्या कडीवर नवे बेअरिंग बसवू नये.

आता स्पिंडलकडे पाहावे. त्यावरून नख फिरवावे. नख अडेल तेथे खाच आहे. बेअरिंगची आतील कडी स्पिंडलवर हाताने सरकली पाहिजे, पण तीत डुगडुग नसावी. डुगडुग असेल तर स्पिंडल झिजले आहे. निळसर रंग दिसला तर पोलाद अतिशय तापले होते, असे जाणावे. अशा स्पिंडलवर भरवसा ठेवू नये.

चीर शोधण्याची एक जुनी व स्वस्त रीत आहे. तारेच्या ब्रशने गंज व रंग काढून धातू स्वच्छ करावा. संशयित जागी रॉकेल किंवा डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. नंतर फडक्याने पूर्ण कोरडे पुसावे व त्यावर खडूची बारीक पूड चोळावी. चीर असेल तर तिच्यात शिरलेले तेल हळूहळू पुडीत उमटते आणि काळसर रेघ दिसू लागते. ही परीक्षा आगीपासून दूर करावी व पेट्रोल कदापि वापरू नये. स्पिंडलची पायरी, वेल्डिंगचे सांधे, कमानीची बैठक व आसाची खालची बाजू, या चार ठिकाणी ती अवश्य करावी.

दुरुस्ती की बदल

केवळ सील किंवा बेअरिंग खराब असेल तर तेवढेच बदलावे. एका बाजूचे बदलताना दुसऱ्या बाजूचेही उघडून पाहावे. आसास चीर असेल, स्पिंडल झिजले वा निळे पडले असेल, सळई लक्षात येण्याइतकी गंजली असेल किंवा आस वाकला असेल, तर तो बदलणे हाच मार्ग होय.

वाकलेला आस भट्टीत तापवून सरळ करण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ती टाळावी. तापविलेल्या जागी पोलादाचा मूळ गुण राहत नाही व पुढील खेपेस तो तेथेच वाकतो. चिरेवर वेल्डिंगचा थर देणे त्याहून वाईट. थराखाली चीर तशीच राहते; पूर्वी ती डोळ्यांना दिसत होती, आता ती दिसेनाशी होते, एवढाच फरक.

नवा आस मागविताना

कार्यालयाच्या मागणीपत्रात 'ट्रेलरसाठी आस, नग एक' एवढेच लिहिलेले असते. पुरवठादार हाती लागेल तो आस पाठवितो, तो बसत नाही आणि पावसाळा दारात येतो. यासाठी मागणीपत्रात पुढील मापे द्यावीत : एका हबच्या चाक बसणाऱ्या तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंतचे अंतर; दोन्ही कमानींच्या मध्यांतील अंतर; सळईची जाडी किंवा नळीचा व्यास व पत्र्याची जाडी; बेअरिंगांवर कोरलेले क्रमांक; सीलचे माप; चाकाच्या बोल्टांची संख्या व ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास; आणि आसावर येणारा भार.

हा भार अंदाजाने लिहू नये. धान्यबाजाराच्या गावी वजनकाटा असतोच. बोट, इंजिन, भरलेले इंधन व सर्व साहित्य चढवून ट्रेलर वाहनास जोडलेल्या स्थितीत काट्यावर न्यावा. केवळ ट्रेलरची चाके काट्यावर व ओढणारे वाहन काट्याबाहेर, असे उभे करून वजन घ्यावे. तोच आसावरील भार होय. नवा आस त्याहून निदान सव्वापट भाराचा निवडावा. मात्र आस जाड झाला म्हणून ट्रेलरवर अधिक माल घालण्याची मोकळीक मिळत नाही. टायर, कमान व सांगाडा पूर्वीचेच असतात, आणि नोंदणीपत्रात दिलेल्या वजनापेक्षा अधिक भार नेणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार गुन्हा आहे.

इंदूरसारख्या शहरात लोहबाजारात सळई मिळते व कारागीरही निष्णात आहेत. जवळच पीथमपूरला वाहन-उद्योग आहे. तरीही साध्या सळईला स्थानिक पातळीवर स्पिंडल वेल्ड करून घेण्यापेक्षा तयार, भारक्षमता कोरलेला आस घेणे श्रेयस्कर. तसा न मिळाल्यास काम अनुभवी कारखान्यातच द्यावे व सांध्यांची तेल-खडूची परीक्षा घेऊनच आस ताब्यात घ्यावा.

आस बदलण्याची रीत

१. ट्रेलर जमिनीवर असतानाच चाकांचे नट किंचित सैल करावेत. मग सांगाडा उचलून आसाच्या पुढे व मागे घोड्या द्याव्यात आणि चाके काढावीत. ब्रेक असल्यास त्याची जोडणी सोडवावी.

२. यू-बोल्टांच्या नटांवर आदल्या दिवशीच पातळ तेल सोडावे. गंजून न निघणारे बोल्ट कापून टाकावेत. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

३. आसाखाली जॅकचा आधार देऊन शेवटचे नट काढावेत व आस सावकाश खाली घ्यावा. हे काम दोघांनी करावे.

४. आस निघाला म्हणजे कमानीचे पाटे, मधला बोल्ट, बुश व पिना पाहाव्यात. तुटका पाटा तसाच ठेवून नवा आस बसविल्यास तोही लवकरच वाकडा होईल.

५. कमानीची बैठक आसावर वेल्ड करावयाची असेल तर बेअरिंगे व सील आधी काढून ठेवावीत. विजेचा प्रवाह बेअरिंगमधून गेल्यास रूळ खराब होतात. आसाचा उचललेला भाग वरच्या बाजूस आहे, याची खात्री वेल्डिंगपूर्वी करावी.

६. आस जागेवर ठेवून मधल्या बोल्टाचे डोके बैठकीच्या छिद्रात बसवावे. यू-बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत न्यावेत. पूर्ण आवळण्यापूर्वी जोडणीच्या मध्यापासून दोन्ही हबपर्यंतची अंतरे पुन्हा मोजावीत.

७. बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून, रुळांच्या फटीतून वर येईपर्यंत भरावे. नुसते बाहेरून फासू नये. पाण्याला दाद न देणारे ग्रीस वापरावे व जुन्यात नवे मिसळू नये. सीलचा ओठ ग्रीसच्या, म्हणजे हबच्या आतील बाजूस असावा.

८. हब फिरवीत फिरवीत नट आवळावा, म्हणजे रूळ जागेवर बसतात. नंतर नट किंचित सोडावा. हब मोकळा फिरावा, पण डुगडुगू नये. फार आवळलेले बेअरिंग जळते, फार सैल असलेले झिजते. कॉटर पिन नेहमी नवी घालावी व तिची टोके वळवावीत.

९. चाके बसवून नट समोरासमोरचे आवळावेत. ट्रेलर जमिनीवर आल्यावर पुन्हा आवळावेत.

चाचणी व पुढील काळजी

नव्या आसाची पहिली परीक्षा पुराच्या दिवशी होऊ नये. पूर्ण भार घालून ट्रेलर वीस किलोमीटर तरी चालवावा. त्यात चढ-उतार असावा. मध्ये थांबून दोन्ही हबजवळ हात न्यावा. प्रथम स्पर्श न करता उष्णतेचा अंदाज घ्यावा. हब कोमट असणे स्वाभाविक आहे. तळहात टेकवत नाही इतका तापला असेल किंवा एक दुसऱ्यापेक्षा बराच अधिक तापला असेल, तर बेअरिंग पुन्हा पाहावे. परत आल्यावर यू-बोल्ट व चाकांचे नट आणखी एकदा आवळावेत.

नदीवर पोहोचताच ट्रेलर पाण्यात लोटू नये. बोटीचे दोर सोडणे, इंजिन बसविणे, जाकिटे घालणे यांत काही मिनिटे जातातच. तेवढ्यात हब निवतो. हवेने फुगविण्याची रबरी बोट हातांनी उचलून नेता येते. तिच्यासाठी चाके बुडविण्याचे कारण नाही. परतल्यावर आस, कमान व सांधे स्वच्छ पाण्याने धुवावेत. हब बुडाले असतील तर मोहीम संपताच ते उघडून ग्रीस बदलावे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये, कारण गंज तेवढा वेळ थांबत नाही.

मोहिमेवर निघताना ग्रीस भरून तयार ठेवलेला एक संपूर्ण हब, दोन सील, कॉटर पिना, जॅक, जाड फळी, उट्या व सुटे चाक बरोबर असावे. बेअरिंग गेले तर अर्ध्या तासात हब बदलता येतो. आसच मोडला तर मात्र रस्त्यावर दुरुस्तीचा खटाटोप करू नये. लाकूड बांधून ट्रेलर फरफटत नेणे घाटात अत्यंत धोक्याचे आहे. ट्रेलर कडेला घेऊन मागून येणाऱ्यांना इशारा द्यावा, बोट दुसऱ्या वाहनात चढवावी व पुढे जावे. ट्रेलर नंतर आणता येतो. पुरात अडकलेली माणसे तेवढा वेळ थांबू शकत नाहीत.

ज्या कार्यालयाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे बोट असेल त्यांनी ट्रेलरची वेगळी नोंदवही ठेवावी. तीत बेअरिंगांचे क्रमांक, ग्रीस बदलल्याची तारीख, पाण्यात बुडविल्याच्या तारखा, घेतलेली मापे व तपासणाऱ्याची सही असावी. तपासणी मे महिन्याच्या अखेरीस पुरी व्हावी, म्हणजे दोष आढळल्यास नवा आस मागविण्यास अवधी राहतो. गावकऱ्यांनी आपल्या गावच्या काठावर बोट उतरविण्यास सोयीची, टणक उताराची जागा आधीच हेरून ठेवावी व तेथपर्यंतची वाट मोकळी ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन शेजारच्या एखाद्या ट्रॉलीचा आस दाखविला, त्याची मापे घेतली व गंजाचे गणित मांडले, तर तरफ, घर्षण व धातूंचे गुणधर्म हे धडे एका दुपारी समजतील.

बैलगाडी हाकणारा शेतकरी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी चाकाला वंगण घालीत असे आणि आसाची खीळ हाताने चाचपून पाहत असे. त्या दोन कृतींत या सर्व तपासणीचे सार आहे. साधन बदलले, चाके रबरी झाली, गाडीवर धान्याऐवजी बोट आली; परंतु निघण्यापूर्वी खाली वाकून पाहण्याची गरज बदललेली नाही.